पडद्यावर शहर डावं-उजवं उलटं दिसतं: जुन्या स्लाइडमधला परत परत येणारा दोष

शहराच्या जुन्या स्लाइड, म्हणजे काचेवरची किंवा फिल्मवरची पारदर्शक चित्रं, प्रोजेक्टरने दाखवताना पडद्यावर बाजारपेठ येते. कुणीतरी म्हणतं, ‘हे उलटं आहे.’ प्रोजेक्टरवरचा माणूस स्लाइड काढतो, पालथी करून घालतो आणि कार्यक्रम पुढे सरकतो. पुढच्या वेळी तीच स्लाइड पुन्हा उलटी येते. कधी याच्याही उलट होतं: स्लाइड मुळात बरोबर होती, पण कुणीतरी ठामपणे बोललं म्हणून ती फिरवली गेली आणि तेव्हापासून चुकीची राहिली.

चित्र डोक्यावर उभं असेल तर लहान मूलही सांगेल. डावं-उजवं उलटं झालेलं चित्र मात्र अगदी स्वाभाविक दिसतं. कारंजं रस्त्याच्या पलीकडे जातं, जुनी शाळा चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर जाते, आणि त्यावरून कुणी स्मरणिकेत ओळ लिहिली की तीच पुढे पुरावा म्हणून वापरली जाते. म्हणून हा दोष पडद्यापाशी उभं राहून अंदाजाने दुरुस्त करू नये. स्लाइडची दर्शनी बाजू, म्हणजे जिच्याकडून पाहिल्यावर चित्र सुलटं दिसतं ती बाजू कोणती, हे स्लाइडवरून आणि चित्रातल्या वस्तूंवरून ठरवावं आणि लगेच लिहून ठेवावं. लिहिलेलं नसतं म्हणूनच दोष परत येतो.

फिरवणं वेगळं, पालथी करणं वेगळं

काचेची जुनी चौकोनी स्लाइड सव्वातीन इंच, म्हणजे साधारण ८२ मिमी बाजूची असते. ३५ मिमी फिल्मच्या स्लाइडची चौकट ५० × ५० मिमी. दोन्ही चौरस असल्यामुळे प्रोजेक्टरमध्ये ८ प्रकारे बसतात: चार कडा आणि दोन बाजू. त्यातला एकच प्रकार बरोबर. अमेरिकी पद्धतीची सव्वातीन × चार इंची स्लाइड आयताकृती असल्याने तिचे चारच प्रकार होतात.

स्लाइड तिच्याच पातळीत घड्याळाच्या काट्यासारखी कितीही फिरवली तरी आरशातलं चित्र तयार होत नाही. ते फक्त पालथी केल्यावर होतं. त्यामुळे पडद्यावर काय दिसतंय ते नीट पाहूनच हात लावा.

चित्र डोक्यावर उभं आहे, पण मान वाकडी केली की पाटी वाचता येते: फक्त १८० अंशांत फिरवा, पालथी करू नका.

चित्र सरळ उभं आहे, पण अक्षरं आरशातल्यासारखी आहेत: पुस्तकाचं पान उलटतो तशी, उभ्या अक्षाभोवती पालथी करा.

चित्र डोक्यावर आहे आणि मान वाकडी करूनही अक्षरं उलटीच दिसतात: भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं पान उलटतो तशी, खालची कड वर नेत पालथी करा.

घाईत बहुतेक लोक तिसऱ्या स्थितीत नुसतं फिरवतात. चित्र सरळ उभं राहतं, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि आरशाचा दोष तसाच राहतो. ज्या स्लाइडमध्ये एकही पाटी नाही, तिच्यात तो मग वर्षानुवर्षं लपून राहतो.

अंगठ्याची खूण आणि तिच्यावर किती विसंबावं

स्लाइड हातात धरून उजेडाकडे पाहिली आणि चित्र बरोबर दिसलं, की खालच्या डाव्या कोपऱ्यात, आपल्याकडच्या बाजूला ठिपका असतो, ही सर्वांत प्रचलित पद्धत. भिंग प्रतिमा वर-खाली आणि डावी-उजवी अशी दोन्हीकडून उलटवतं, म्हणून स्लाइड डोक्यावर घालायची. तशी घातली की ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्यात येतो. प्रोजेक्टरच्या मागे, पडद्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजवा अंगठा त्या ठिपक्यावर पडला पाहिजे. गोल ट्रेच्या प्रोजेक्टरलाही हेच लागू.

पण सगळे संच एकाच पद्धतीने केलेले नसतात. काहींवर दोन ठिपके असतात, काहींवर नुसती कागदी पट्टी, काहींवर नंतरच्या हातांनी टाकलेली दुसरीच खूण. म्हणून एकाच संचातल्या, ज्यांत वाचता येणारी अक्षरं आहेत अशा पाच-सहा स्लाइड आधी बाजूला काढा आणि त्यांच्यावर खूण कुठे आहे ते पाहा. सगळ्यांवर एकाच जागी असेल, तर त्या संचापुरता नियम मिळाला. दोन संच एका पेटीत मिसळले असतील तर बंधनपट्टीचा (दोन काचा कडेने एकत्र बांधणाऱ्या पट्टीचा) रंग, चौकटीच्या कागदाची छपाई आणि हस्ताक्षर पाहून ते आधी वेगळे करा. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

इमल्शन कुठल्या बाजूला?

इमल्शन म्हणजे काचेवरचा किंवा फिल्मवरचा, चित्र धरून ठेवणारा पातळ थर. इथे जाणकारही चुकतात, कारण काचेच्या आणि फिल्मच्या स्लाइडचं उत्तर एकमेकांच्या उलट आहे.

काचेची स्लाइड बहुधा निगेटिव्हवरून छापलेली असते. निगेटिव्हचं इमल्शन आणि स्लाइडच्या काचेचं इमल्शन समोरासमोर चिकटवून छाप घेतला, की स्लाइड तिच्या इमल्शनच्या बाजूने बरोबर वाचता येते. इमल्शनचं रक्षण करायला त्यावर काळ्या कागदाची चौकट आणि कव्हर ग्लास येते. म्हणजे अशा स्लाइडची दर्शनी बाजू ही कव्हर ग्लासची बाजू, आणि ती दिव्याकडे जाते.

३५ मिमीची मूळ रंगीत पारदर्शिका मात्र कॅमेऱ्यातलीच फिल्म असते. १९३६ पासून ३५ मिमीमध्ये मिळू लागलेली कोडाक्रोम घ्या, किंवा नंतरची कुठलीही रिव्हर्सल फिल्म (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट खरं चित्र मिळतं ती) घ्या: ती गुळगुळीत, चकचकीत बाजूने बरोबर वाचता येते. चकचकीत बाजू दिव्याकडे, मंद इमल्शनची बाजू पडद्याकडे. काही पुठ्ठ्याच्या चौकटींवर ‘ही बाजू पडद्याकडे’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना छापलेली असते. चौकट बदलली की ती सूचना जाते. तेव्हा फिल्मच्या कडेवर छापलेले आकडे आणि नाव पाहावं. ते चकचकीत बाजूने सुलटे वाचता येतात.

आता गोंधळ पाहा. याच पारदर्शिकेची इमल्शनला इमल्शन लावून प्रत काढली, तर प्रतीची दर्शनी बाजू इमल्शनची होते. एकाच ट्रेमध्ये मूळ आणि प्रत शेजारी असल्या आणि कुणी ‘सगळ्यांचं इमल्शन पडद्याकडे’ असा सरसकट नियम लावला, की प्रती उलट्या दिसणारच. १९०७ मध्ये बाजारात आलेली ऑटोक्रोम ही रंगीत काच आणखी वेगळी: ती कॅमेऱ्यात काचेची बाजू भिंगाकडे ठेवून घालत, त्यामुळे ती इमल्शनच्या बाजूने बरोबर दिसते. संग्रहात ऑटोक्रोम असेल तर ती प्रोजेक्टरमध्ये घालूच नका. तिचे रंग तीव्र उजेड आणि उष्णता सोसत नाहीत.

बांधलेल्या काचेत इमल्शन कुठे आहे ते ओळखायला स्लाइड खिडकीच्या उजेडात तिरकी धरा. मूळ काचेच्या बाजूने चित्र काचेला एकजीव झालेलं, गडद दिसतं. कव्हर ग्लासच्या बाजूने पाहिलं तर मध्ये हवेची फट असते आणि त्यापलीकडे इमल्शनचा मंद पृष्ठभाग दिसतो. सुट्या काचेवर हे आणखी सोपं: चकचकीत ती काच, मंद ते इमल्शन. बोट ओलं करून किंवा नखाने खरवडून पाहण्याची जुनी सवय सोडा. त्या जागी चित्र कायमचं जातं.

एवढं करूनही इमल्शनची बाजू हा दुय्यम पुरावाच आहे. निगेटिव्हची प्रतिमा भिंगातून लहान करून स्लाइड बनवली असेल, तर निगेटिव्ह कुठल्याही बाजूने ठेवलेली असू शकते. शेवटचा निकाल चित्रातल्या वस्तूच देतात.

चित्रातून दिशा कशी शोधायची

स्लाइड एलईडी लाइट पॅनलवर ठेवा आणि ८ पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने कोपरान् कोपरा पाहा. या कामासाठी प्रोजेक्टर लावायची काहीही गरज नाही.

अक्षरं सर्वांत भक्कम. रोमन लिपीत ए, एच, आय, एम, ओ, टी ही मोठी अक्षरं आरशातही तशीच दिसतात, त्यामुळे एखाददुसऱ्या अक्षरावर निकाल देऊ नका. देवनागरी पाटी असेल तर ती वाचता आली नाही तरी चालतं. शिरोरेषेवरून वर-खाली कळतं, आणि प, त, न, म, स, ग, ण यांचा उभा दंड अक्षराच्या उजव्या टोकाला असतो. पुसट पाटीवर ओळीने चार-पाच दंड अक्षरांच्या डाव्या टोकाला दिसले, तर चित्र उलटं आहे.

सायकल असेल तर दुसरं काही शोधायला नको. तिची साखळी चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला असते. पुढचं चाक चित्रात उजवीकडे असेल तर साखळी आपल्या बाजूला दिसली पाहिजे. डावीकडे असेल तर ती चौकटीच्या पलीकडे गेली पाहिजे. शिवणयंत्राचं हातचाक शिवणाऱ्याच्या उजवीकडे असतं. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि छातीचा खिसा डावीकडे असतो, म्हणजे समोरून पाहताना आपल्या उजव्या हाताला. गणवेशावरची पदकंही तिथेच. एका माणसाच्या कोटावरून ठरवू नका, पण समूहचित्रात दहा जणांचे खिसे एकाच बाजूला असतील तर शंका उरत नाही. रस्त्याच्या कोणत्या बाजूने वाहनं जातात हे पाहता येतं, पण गर्दीच्या जुन्या रस्त्यावर वाहनं कुठूनही जात. मनगटी घड्याळ किंवा लिहिणारा हात हे फार कमकुवत पुरावे.

मनोऱ्यावरच्या घड्याळाने अनेकांना फसवलंय. तबकडीवर आकडे वाचता येत असतील तर उत्तमच. नुसते काटे दिसत असतील तर त्यांचा उपयोग शून्य, कारण आरशातली वेळही खरी शक्य असलेली वेळच असते: ९ वाजलेले ३ दिसतात, ४:२० चे ७:४० होतात, आणि तास-मिनिटांच्या काट्यांचा मेळ तंतोतंत बसतो. ‘सावली घड्याळाशी जुळते, म्हणजे चित्र बरोबर’ हा युक्तिवादही टिकत नाही. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल, तर चित्र उलटवल्यावर सकाळच्या ९ ची सावली दुपारच्या ३ च्या सावलीसारखी पडते आणि घड्याळही ३ च दाखवतं. दोघं मिळून एकच खोटं सांगतात.

सावली कामी येते ती कॅमेरा पूर्वेला किंवा पश्चिमेला रोखलेला असेल तेव्हा. कर्कवृत्ताच्या उत्तरेला भर दुपारची सावली उत्तरेकडेच पडते. पूर्वेकडे पाहणाऱ्या चित्रात ती डावीकडे हवी. उजवीकडे पडली तर चित्र उलटं. उष्ण कटिबंधात वर्षातले काही दिवस दुपारची सावली दक्षिणेकडेही जाते, त्यामुळे तिथे फक्त सावलीवर निकाल देऊ नका.

वस्तूंनी दाद दिली नाही तर जागेवर जा. आजही उभ्या असलेल्या दोन गोष्टी चित्रात शोधा, एक जवळची, एक दूरची. चित्रात दिसतात तशा त्या एकामागे एक, योग्य क्रमाने दिसतील अशी जागा प्रत्यक्षात सापडते का ते पाहा. चित्राची सुलटी आणि उलटी अशा दोन्ही छापील प्रती बरोबर न्या. एकीची जागा सापडते, दुसरीची सापडत नाही. जुना मोजणी नकाशा हाताशी असेल तर तीच तपासणी टेबलावर पट्टी ठेवून होते. दोन्ही बाजूंनी सारखी असलेली इमारत एकटी असेल तर काही सांगत नाही. तिच्या शेजारचं झाड, गल्ली, उतरती भिंत शोधा.

जिथे मूळच उलटं होतं

स्लाइडवरचं शीर्षक सुलटं वाचता येतंय म्हणजे चित्रही सुलटं, असं समजू नका. शीर्षक स्लाइड बनवताना घातलेलं असतं. चित्र त्याच्याही आधीचं असू शकतं. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या डॅगेरोटाइप पद्धतीत पत्र्यावरची प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी येते. नंतरच्या टिनटाइपचंही तेच. अशा पत्र्याचा फोटो काढून स्लाइड केली तर उलटेपणा स्लाइडमध्येही उतरतो. काही छायाचित्रकार शहराची दृश्यं घेताना भिंगापुढे आरसा किंवा लोलक लावून ही चूक तिथेच सुधारत, त्यामुळे ‘डॅगेरोटाइप म्हणजे उलटाच’ असंही म्हणता येत नाही.

अशा स्लाइडला हात लावायचा नाही. ती जशी बनवली तशीच सुलटी आहे. उलटं आहे ते तिच्यातलं दृश्य. नोंदवहीत ‘शीर्षक सुलटं, दृश्य उलटं’ असं स्पष्ट लिहा आणि दाखवण्यासाठी सुधारलेली डिजिटल प्रत वेगळी करा.

दोष परत कुठून शिरतो

पहिली वाट कव्हर ग्लास बदलण्याची. काच फुटते, नवी लावली जाते, जुनी चिठ्ठी नव्या काचेवर मागच्या बाजूला चिकटवली जाते. पट्टी नवी पण खूण जुन्या जागी नाही, असं दिसलं की ती स्लाइड संशयित धरा.

दुसरी वाट पडद्यामागच्या प्रक्षेपणाची. प्रोजेक्टर पडद्यामागे असेल तर स्लाइड उभ्या अक्षाभोवती पालथी घालावी लागते. भिंग आणि पडदा यांच्यामध्ये एक आरसा आला तरी तसंच. आरसा आणि पडद्यामागची जागा दोन्ही असतील तर एकमेकांना रद्द करतात. एका कार्यक्रमासाठी सगळा ट्रे पालथा केला आणि तसाच कपाटात ठेवला, की पुढचा कार्यक्रम बिघडलाच. ट्रेवर मोठ्या अक्षरात ‘समोरून’ किंवा ‘मागून’ लिहा.

तिसरी वाट आता सर्वांत रुळलेली: स्कॅनिंग. फ्लॅटबेड स्कॅनर खालून पाहतो, म्हणून दर्शनी बाजू खाली ठेवायची. कॅमेऱ्याने प्रत काढताना दर्शनी बाजू कॅमेऱ्याकडे. अधिक स्पष्टतेसाठी फिल्मचं इमल्शन मुद्दाम भिंगाकडे ठेवलं असेल, तर फाइल नंतर आडवी उलटवावी लागते, आणि ते राहून जातं. छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राबरोबर साठवलेली माहिती (एक्झिफ) असते, तिच्यात दिशेची नोंद असते, तिच्याही किमती ८ च: चार नुसत्या फिरवलेल्या, चार आरशातल्या. पण कित्येक प्रणाली आरशातल्या चार किमतींकडे दुर्लक्ष करतात. म्हणून वापरायच्या प्रतीत चित्र प्रत्यक्ष उलटवून साठवा आणि मूळ स्कॅन आहे तसा ठेवा. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला स्पष्ट अक्षरं असलेली एक स्लाइड स्कॅन करून वाचून पाहा. दहा सेकंदांचं काम आहे.

कायमचा इलाज

ठिपका थेट काचेवर किंवा जुन्या चिठ्ठीवर लावू नका, आणि जुनी खूण चुकीची असली तरी काढू नका. तीही संचाच्या इतिहासाचा भाग आहे. नवी खूण निराम्ल कागदाच्या पाकिटावर पेन्सिलने, आणि रोज वापरायच्या स्लाइडला बंधनपट्टीच्या कडेवर. प्लास्टिक चौकटीवर मार्करचा ठिपका चालतो.

नोंदवहीत प्रत्येक स्लाइडला एक ओळ पुरते: ‘४७. दर्शनी बाजू कव्हर ग्लासची. पुरावा: डाव्या कोपऱ्यात सायकल, साखळी आपल्या बाजूला, पुढचं चाक उजवीकडे. खात्री: पक्की.’ खालीच तपासणाऱ्याचं नाव आणि तारीख. पुराव्याचा रकाना रिकामा ठेवू नका. पुढच्या वेळी कुणी ‘हे उलटं आहे’ म्हणालं, तर वाद आठवणींवर न होता सायकलीवर होईल. खात्रीचे तीन दर्जे ठेवा: पक्की, संभाव्य, अनिश्चित.

काच पुन्हा बांधणं शेवटचा उपाय. कव्हर ग्लास फुटली असेल, पट्टी सुटली असेल किंवा आत बुरशी दिसत असेल तरच. आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, एकदा मागून उजेड देऊन आणि एकदा पुढून. कॅलिपरने एकूण जाडी मोजा. नवी काच लावल्यावर ती वाढली तर स्लाइड प्रोजेक्टरच्या वाहकात (स्लाइड धरणाऱ्या चौकटीत) अडकते. नायट्राइलचे हातमोजे घाला, सुती मोज्यांतून काच निसटते. पट्टी कडेने, पातं काचेला जवळजवळ समांतर धरून कापा. कव्हर ग्लास उचलताना कागदी चौकट इमल्शनला चिकटलेली वाटली तर तिथेच थांबा आणि काम संवर्धकाकडे द्या. पाणी किंवा कुठलाही द्राव इमल्शनला लागता कामा नये. धूळ फुंकणीने उडवा, फक्त नवी काच धुऊन पूर्ण वाळवा. कागदी चौकट त्याच जागी परत ठेवा. ती गाळली तर काच इमल्शनला टेकते आणि पडद्यावर इंद्रधनुषी वलयं दिसतात. बांधायला निराम्ल कागदी पट्टी वापरा. सेलोटेप नको, त्याचा डिंक आत झिरपतो.

फोकसवरून मिळणारा इशारा

ट्रेमधल्या सगळ्या स्लाइड स्पष्ट आणि एकच धूसर, पण फोकस फिरवल्यावर स्पष्ट होते: ती पालथी असण्याची शक्यता आहे, कारण इमल्शनची जागा सरकली आणि फिल्मचा बाक उलट दिशेला गेला. वक्र-क्षेत्र भिंग, म्हणजे बाक आलेल्या फिल्मसाठी बनवलेलं भिंग, लावलेलं असेल तर मध्यभाग स्पष्ट आणि कडा धूसर अशी खूण आणखी ठळक दिसते. हा इशाराच समजा; प्रतीच्या स्लाइडमध्ये तो उलट लागू पडतो. दोन काचांमध्ये मधोमध धुकं येऊन हळूहळू विरत असेल तर तो ओलाव्याचा दोष आहे. त्यासाठी स्लाइड पालथी करून उपयोग नाही, ती कोरड्या खोलीत दिवसभर ठेवावी लागते. गार स्लाइड तापलेल्या दिव्यापुढे घातल्यावर काच तडकते, तेव्हा पेटी कार्यक्रमाच्या खोलीत आधीच आणून ठेवा. कोडाक्रोम अंधारात उत्तम टिकते पण प्रक्षेपणात इतर फिल्मपेक्षा लवकर फिकी पडते. दिशा तपासण्यासाठी ती पुन्हा पुन्हा पडद्यावर टाकणं म्हणजे रंग जाळणं.

कार्यक्रमाच्या दिवशी एखादी स्लाइड अजून ‘अनिश्चित’ असेल तर ती दाखवा, पण तसं सांगून दाखवा, आणि ‘डावीकडे दिसते ती...’ असं वाक्य तिच्यावर बोलू नका. सुलटी आणि उलटी अशा दोन छापील प्रती दाराशी ठेवा, शेजारी कागद-पेन्सिल ठेवा. कुणी ‘ही बरोबर’ म्हणालं तर कशावरून, तेवढं लिहून घ्या.